मानोय तिबोंनी न दिलेला हात

प्रिमितिवो रेबांकोस यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्यांच्या ओसरीवर मी बारा-तेरा वर्षे जवळजवळ रोज दुपारी दामा, म्हणजे पटावरचा सोंगट्यांचा खेळ, खेळायला बसलो, पण त्यांना काय आवडायचे असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. काय आवडत नसे ते सांगता येईल. ती यादी लांबलचक होती आणि तिच्यात मीही होतो. त्यांच्या मुलाने छापलेल्या स्मरणपुस्तिकेत मला ‘जिवलग मित्र’ म्हटले आहे. ते खरे नाही, आणि निदान तेवढे कुठेतरी लिहून ठेवावे म्हणून हा खटाटोप. लिहायची सवय मला नाही. मी अक्षरे रंगवायचो, वाक्ये दुसऱ्यांची असायची.

सगळे गाव त्यांना मानोय तिबो म्हणे. मानोय म्हणजे थोरला भाऊ. प्रत्यक्षात ते कुणाशी भावासारखे वागल्याचे मी पाहिले नाही. लष्करी कायदा आला तेव्हा ते नगरपालिकेत सदस्य होते, तेहतीस वर्षांचे. सैनिकांनी त्यांना न्याहारीवरून उचलून नेले आणि दोन वर्षे छावणीत ठेवले. पुढे राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले तेव्हा मानोय आमचे नगराध्यक्ष झाले, मग एकदा खासदार झाले, मग पडले, आणि पडले ते पडलेच. मी लिहितो आहे तो काळ त्यानंतरचा. घराच्या मागे नारळाची वीस-बावीस झाडे होती, एक आंधळी होत चाललेली कुत्री, आणि बायको चोलिंग; तिला सगळे मानाय, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. मुलगा लेआंद्रो वकील होऊन बाजारपेठेत राहत असे. तो आमच्या नगरपालिकेत सदस्यही होता.

दर फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्ष पळाले त्या दिवशी, शाळेत त्यांचे भाषण होई. तुरुंगात त्यांच्यापुढे राजवट मान्य असल्याचा कागद ठेवला होता, सही कर आणि घरी जा, आणि त्यांनी सही केली नाही. मग बिशपांनी पत्र लिहिले आणि सरकारला त्यांना सोडावे लागले. ‘मी वाकलो नाही,’ या वाक्यावर भाषण संपे. पोरे टाळ्या वाजवीत, कारण त्यानंतर बिस्किटे वाटत. मी हे भाषण इतक्यांदा ऐकले होते की कुठे ते खोकतील हेही मला ठाऊक होते.

माझा त्यांच्यावर राग होता. तो सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे लबाडी होईल. लष्करी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत ते निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांच्या नावाच्या भिंती मी आणि माझा मोठा भाऊ क्रिस्पिन आम्ही रंगवल्या. एका पहाटे गिरणीच्या भिंतीपाशी सैनिकांची जीप आली. मी पळालो. क्रिस्पिनच्या हातात डबा होता, तो टाकायला त्याला उशीर झाला. आठ दिवसांनी तो परत आला तो एका कानाने बहिरा होऊन. मानोयच्या भाषणात ‘माझी माणसे पकडली’ एवढे येई, नाव कधी आले नाही. पुढे क्रिस्पिन वारला. प्रेत घरात होते तेव्हा मानोय आले, कॉफी प्यायले, दोन पाव खाल्ले, शवपेटीच्या काचेतून आत पाहिले आणि मला विचारले, “दोघांपैकी हा कुठला?”

तरी मी त्यांच्याकडे दामा खेळायला का जात होतो, याचे उत्तर मला देता येत नाही. त्यांनी बोलावले म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. फ्लेक्स आल्यापासून माझ्या हाताला काम नव्हते. आणि त्यांच्याशी खेळायला दुसरे कुणी तयार नव्हते, कारण समोरचा लघवीला उठला की ते बुचे हलवीत. आमच्या सोंगट्या म्हणजे फळीवर मांडलेली सोड्याच्या बाटल्यांची बुचे. एकाची उताणी, दुसऱ्याची पालथी.

“मानोय, हे बूच इथे नव्हतं.”

“मग कुठे होतं, पेंटर? कुत्रीने हलवलं?”

“तसं नाही म्हणत.”

“तुझी साठी कधीच उलटली. लक्षात राहत नाही. खेळ.”

मी खेळत असे.

आता मूळ गोष्ट. मानोय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते त्या वर्षी जानेवारीत, चर्चमधल्या रविवारच्या मिसानंतर लेआंद्रो आला. आमच्याकडे मुलगा घरात शिरला की आधी वडिलांचा उजवा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतो. त्याशिवाय बोलणे सुरू होत नाही. लेआंद्रोने तसे केले, आईचाही हात कपाळाला लावला, आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

“पापाय, मी नगराध्यक्षपदाला उभा राहतोय.”

“माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. उभा राहा.”

“रोसिल्योंच्या पक्षाकडून.”

मी फळीकडे पाहत राहिलो. रोसिल्यो हे आमच्या प्रांताचे जुने मालक म्हणावेत असे घराणे. मानोयना ज्यांच्या हुकमाने उचलले ते गव्हर्नर डॉन आन्सेल्मो रोसिल्यो. ते केव्हाच वारले. आता त्यांची नात बर्नादेत गव्हर्नरपदाला उभी होती आणि तिचा बाप रामोन मागून सूत्रे हलवीत होता.

मानोयनी आपली चाल पूर्ण केली, माझी दोन बुचे उचलली, आणि मग म्हणाले, “या देशात दुसरा पक्ष उरला नाही?”

“जिंकणारा उरला नाही. तुमच्या पक्षाचे लोक एका सायकल-रिक्षात मावतात, पापाय. त्यातले दोघे उतरून ढकलतात.”

मानाय चोलिंग आतून म्हणाली, “जेवण झाल्यावर बोला.”

“जेवणाची गरज नाही,” मानोय म्हणाले. “बोल. अजून काहीतरी आहे. नुसतं सांगायला तू बूट घालून आला नसतास.”

आणखी होते. मार्चच्या शेवटी चौकात मोठी सभा होणार होती. उमेदवाराचा हात धरून थोरल्या माणसाने वर उचलायचा, हा आमच्याकडच्या सभेतला मुख्य क्षण. भाषणे कुणी ऐकत नाही. कुणी कुणाचा हात वर केला एवढेच लोक पाहतात. लेआंद्रोला वाटत होते की वडिलांनी एका हाताने त्याचा आणि दुसऱ्याने बर्नादेतचा हात वर करावा.

मानोय हसले. मी त्यांना फार कमी वेळा हसताना पाहिले, आणि दर वेळी कुणाचे तरी वाईट झाले.

“तुझं लग्न झालं तेव्हा मी तुला घड्याळ दिलं,” ते म्हणाले. “ते आणून दे.”

“पापाय...”

“घड्याळ आणून दे आणि पुन्हा इथे येऊ नको.”

लेआंद्रो उठला. जाताना पुन्हा हात कपाळाला लावण्यासाठी वाकला, तर मानोयनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि हातांवर बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शाळेतल्या हट्टी पोरासारखा. लेआंद्रो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग आईचा हात कपाळाला लावून गेला.

त्यानंतर दर रविवारी हेच. लेआंद्रो येई, वाकून उभा राही. मानोय हातांवर बसत. तो गेला की म्हणत, “चल, पेंटर, तुझी चाल.” लेआंद्रो चिकाटीचा होता, एवढे मान्य केले पाहिजे. बापावर गेला होता, पण हे दोघांपैकी कुणालाच सांगण्याची सोय नव्हती.

फेब्रुवारीत मानोयनी मला विचारले, “अजून ब्रश धरता येतो?”

“कशाला?”

“माझ्या घराची रस्त्याकडची भिंत. मोठी अक्षरं. बाजारातून वाचता आली पाहिजेत.”

त्यांनी मजकूर तोंडी सांगितला: रेबांकोसच्या घरातले मत रेबांकोसला नाही.

“मानोय, तो तुमचा मुलगा आहे.”

“म्हणून तर. परक्याबद्दल एवढा रंग कोण खर्च करतो?”

मी नाही म्हणायला हवे होते. दोन दिवस मी टाळाटाळ केली, गुडघ्याचे कारण सांगितले. तिसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेलो. दोरीला खडू लावून रेघा मारल्या, अक्षरांची उंची हाताने मोजली, काळ्या रंगाला तांबडी कड दिली. सगळे आयुष्य मी घाईत, पाठीमागे कान ठेवून भिंती रंगवल्या होत्या. ही पहिली भिंत मी निवांतपणे, सावलीत उभा राहून, मधे कॉफी पीत रंगवली, आणि माझ्या हातून झालेले ते सर्वांत चांगले काम आहे. ज्या माणसाने क्रिस्पिनचे नाव कधी घेतले नाही त्याच्याच भिंतीवर त्याच्याच हुकमाने त्याच्या घरातले भांडण मी हातभर उंचीच्या अक्षरांत लिहीत होतो. मला ते काम गोड लागले. हे लिहायला बरे वाटत नाही.

मानाय चोलिंग दुपारी बाजारातून आली. रस्त्याच्या मधोमध पिशवी घेऊन उभी राहिली आणि सगळे वाचले. तिला वाचायला वेळ लागत असे.

“फ्रेदो, तुला लाज नाही?” ती मला म्हणाली.

“मानोयनी सांगितलं, मानाय.”

“त्यांनी सांगितलं तर माझ्या थडग्यावरही लिहिशील तू. काय काय लिहिशील?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर गोधड्या होत्या. वरच्या खिडक्यांच्या गजांना दोरी बांधून तिने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या, चादरी आणि एक मच्छरदाणी अशी वाळत घातली होती की एक अक्षर दिसेना. मानोयनी काठीने त्या खाली ओढल्या. तिने पुन्हा घातल्या. हे तीन आठवडे चालले. बाजारातले लोक सकाळी मासळी घेण्याआधी वळून पाहत: आज काय, अक्षरे की गोधड्या? सायकल-रिक्षावाले पैजा लावीत. मळलेले काही नसतानाही त्या घरात रोज धुणे निघे, आणि कधी ‘रेबांकोसच्या घरातले मत’ एवढेच उघडे राही, तेव्हा लेआंद्रोची माणसे तेवढ्याचा फोटो काढून घेत.

मार्चमध्ये एका दुपारी आम्ही खेळत होतो. मानोय हरत होते. एकदम उठले, खाली गेले, आणि काठी न वापरता हातांनीच गोधडी ओढली; ती फाटली. मानाय चोलिंग दारात आली. तिच्या हातात खोबरे खवायची खवणी होती, आणि मला वाटले आता काहीतरी होणार. पण तिने ती फक्त पायरीवर ठेवली.

“फाडलीस?”

“फाडली.”

“बरं झालं. आता मी पण फाडते. तिबो, तू कशामुळे सुटलास?”

“वेड लागलं का तुला?”

“सांग ना. रस्त्यावर सांग, लोक ऐकताहेत. कशामुळे सुटलास?”

“बिशपांच्या पत्रामुळे. सगळ्या जगाला माहीत आहे.”

“बिशपांच्या पत्रात त्या लोकांनी भजी गुंडाळली असतील. तू आत असताना लेआंद्रो झाला. त्याचा बाप्तिस्मा कधी झाला?”

“मला काय ठाऊक? मी आत होतो.”

“ऑगस्टमध्ये. आणि तू घरी आलास ऑक्टोबरमध्ये. त्याला धर्मबाप कोण, कधी विचारलंस?”

आमच्याकडे एका पोराला सहा-सात धर्मबाप असतात. कुणी यादी पाठ करीत नाही. तिने सांगितले होते की तिचे चुलतभाऊ आणि मामेभाऊ उभे राहिले, आणि मानोय तेवढ्यावर थांबले होते.

“पहिलं नाव रामोन रोसिल्योचं आहे,” ती म्हणाली. “चर्चच्या वहीत आहे. जा, वाच.”

धर्मबाप व्हायला कुणी बोलावले तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. नाही म्हटले तर ते लेकराला लागते, असे मानतात; गव्हर्नरचा मुलगाही नाही म्हणू शकत नाही. आणि एकदा धर्मबाप झाला की तो पोराच्या बापाचा कुंपारे होतो, नात्यातला होतो. स्वतःच्या कुंपारेला तुरुंगात ठेवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. हे मानाय चोलिंगला ठाऊक होते. वर्षाचे पोर कडेवर घेऊन ती रोसिल्योंच्या घरी गेली, त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे जेवण संपेपर्यंत बाकावर बसून राहिली, आणि मग रामोनपुढे पोर धरले.

“पुढे दर नाताळला,” ती म्हणाली, “मी पोराला घेऊन मावशीकडे जाते म्हणून जायची ना? मावशी कसली. धर्मबापाच्या पाया पडायला न्यायची. वीस वर्षं नेलं. तू न वाकता सुटलास, तिबो, कारण मी वाकले होते. आता लाव तुझी अक्षरं.”

तिने खवणी उचलली आणि आत गेली. त्यानंतर तिने त्या भिंतीवर काही वाळत घातले नाही.

मानोय वर आले आणि फळीपुढे बसले. मग म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“नाही, मानोय.”

“सगळ्यांना माहीत असणार.”

“मला नव्हतं.”

“तुला कधी काय माहीत असतं म्हणा.”

दुसऱ्या दिवशी ते चर्चमध्ये जाऊन वही पाहून आले. येताना भिंतीकडे मान वर करून पाहिले आणि मला म्हणाले, “शेवटच्या शब्दाला जागा कमी पडली. अक्षरं चेपली आहेत.” त्यांचे बरोबर होते. त्याच रात्रीपासून त्यांनी आपली चटई तळमजल्यावर, नारळ साठवायच्या खोलीत टाकली. मानाय चोलिंग जेवणाचे ताट जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर ठेवी आणि दुसरीवरून वर जाई. दोघांमधले निरोप मी नेऊ लागलो. “तिला सांग, अळूत तिखट जास्त आहे.” “त्यांना सांग, खोबऱ्याचं दूध काढायला माणूस ठेवा म्हणावं.” मरेपर्यंत ती दोघे एकमेकांशी थेट बोलली नाहीत.

मग लेआंद्रोला निरोप गेला: सभेला येतो.

सभेच्या दिवशी मानोयनी पांढरा शर्ट घातला आणि मला छत्री धरायला बरोबर घेतले. चौक भरला होता. मंचावर रामोन रोसिल्यो बसला होता, पायाला सूज, शेजारी औषधांची पिशवी. मानोयना पाहून तो अर्धा उठला.

“या, कुंपारे.”

मानोय त्याच्याजवळून भिंतीजवळून जावे तसे गेले. लेआंद्रोने ध्वनिक्षेपक हातात दिला. मी पायऱ्यांवर छत्री मिटून उभा होतो.

ते फार थोडे बोलले. “चाळीस वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की मी न वाकता सुटलो. ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं, पण म्हणून ते खरं होत नाही. माझ्या नावावर तुम्ही बरंच ऐकून घेतलंत. आता माझ्या नावावर कुणाला मत देऊ नका. माझ्या मुलाला नको, दुसऱ्या कुणालाही नको. संपलं.”

त्यांना खोकला आला नाही. बिस्किटेही नव्हती. त्या माणसाने माझ्यासमोर केलेली ही एकच गोष्ट, जिच्यापुढे माझा राग मला लहान वाटला. पण तो फार वेळ लहान राहिला नाही, कारण पुढचे लगेच घडले.

लेआंद्रो पुढे आला. त्याचे डोळे ओले होते. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. सगळ्या गावासमोर तो बापापुढे वाकला आणि हात पसरला, कपाळाला लावायला मागावा तसा. जानेवारीपासून दर रविवारी मागत होता तसाच. मानोय उभे होते, त्यामुळे हातांवर बसायची सोय नव्हती. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले. हात थोडा मागे गेला, आणि मग त्यांनी तो दिला.

लेआंद्रोने हात कपाळाला लावला. मग न सोडता ताठ उभा राहिला आणि तो हात तसाच वर उचलला, उंच, आपल्या डोक्याच्याही वर. बर्नादेतने दुसरा धरला. बँड वाजला. फोटोवाले पुढे धावले. टाळ्या अशा पडल्या की काय चालले आहे ते मानोयना कळायच्या आत ते होऊन गेले होते.

दोन दिवसांनी तो फोटो प्रत्येक खांबावर होता. मानोयचे दोन्ही हात आकाशात, तोंड किंचित उघडे, कुणाला तरी किती वाजले विचारताना टिपल्यासारखे. खाली ‘पापाय आमच्या सोबत.’ एक फ्लेक्स बरोबर त्यांच्या भिंतीसमोरच्या खांबावर लावला होता. रस्त्याच्या एका बाजूला माझी अक्षरे, दुसऱ्या बाजूला त्यांचा चेहरा.

रविवारी लेआंद्रो आला.

“तू मला फसवलंस,” मानोय म्हणाले.

“तुम्ही हात दिलात, पापाय. हजार लोकांनी पाहिलं.”

“मी आशीर्वाद दिला.”

“मी तेवढाच घेतला.”

“आशीर्वाद कपाळाला लावतात. टांगत नाहीत.”

“तुम्ही चार ओळींत मला संपवायला आला होतात. मी काय करायला हवं होतं? वाकून घरी जायला हवं होतं? वाकायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत.”

मानोयनी हात मांड्यांखाली घातले. लेआंद्रो या वेळी वाकला नाही. त्याने खिशातून ते लग्नातले घड्याळ काढले, फळीवर बुचांच्या मधे ठेवले आणि निघून गेला.

तो निवडून आला. बापाने भिंतीवर मुलाची अब्रू काढली आणि मुलाने तरी बापाचा हात कपाळाला लावला, हे बाजारातल्या बायांना फार आवडले होते. मते त्यांनीच दिली. म्हणजे माझ्या भिंतीनेही त्याला थोडी मते दिली असणार. मानोयना हे सुचले होते की नाही मला माहीत नाही. मी बोललो नाही.

त्यानंतरची चार वर्षे सांगण्यासारखे काही नाही, आणि तीच त्यांची खरी म्हातारपणाची वर्षे. ते कुणालाच हात देईनासे झाले. नातवंडे नाताळला आली तर ती वाकायच्या आत ओरडायचे, “पुरे, पुरे, आत जा, आजीकडे जा.” धाकटीने एकदा मला विचारले की आजोबांचा हात दुखतो का. मी हो म्हटले. शाळेने फेब्रुवारीत बोलावणे बंद केले, किंवा त्यांनी जाणे बंद केले; दोन्ही बाजूंनी ऐकले आहे. नगरपालिकेने बाजाराच्या रस्त्याला त्यांचे नाव द्यायचे ठरवले तेव्हा त्यांनी नगराध्यक्षांना, म्हणजे मुलाला, टपालाने पत्र पाठवले: माझे नाव वापरण्यास परवानगी नाही. टपाल कचेरी त्यांच्या घरापासून आणि नगरपालिकेपासून सारख्याच अंतरावर होती.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणे राहिले, थोडे जड, पण शिव्या स्पष्ट येत. तळमजल्याच्या खोलीत मी दामाची फळी अंथरुणाशी ठेवी आणि ते डाव्या हाताने खेळत. मी लघवीला गेलो तर आता बुचे जागची हलत नसत.

एका रविवारी लेआंद्रो आला. नगराध्यक्षाचा बिल्ला काढून खिशात घातला होता. मानोयचा उजवा हात चादरीवर पडला होता, तळवा वर, त्यांचा नसल्यासारखा. तो आता मांडीखाली जाऊ शकत नव्हता. लेआंद्रोने ते पाहिले. मीही पाहिले. जिन्याच्या पायरीवर मानाय चोलिंग ताट घेऊन थांबली होती. मला वाटते तिनेही पाहिले.

लेआंद्रो गुडघ्यांवर बसला आणि तो हात दोन्ही हातांत घेतला. अगदी हळू. कपाळ खाली नेले. ते टेकायच्या आत मानोयचा डावा हात आला, त्याने उजव्या हाताचे मनगट धरले, आणि एखादी वस्तू ओढून घ्यावी तसा तो हात ओढून घेतला, छातीवरून पलीकडे नेला, आणि चादरीखाली ठेवला. एवढ्याने त्यांना धाप लागली.

“पापाय,” लेआंद्रो म्हणाला.

“रस्त्यावर खड्डे पडलेत,” मानोय म्हणाले. “बाजाराच्या. तुझं काम आहे ते. जा.”

लेआंद्रो तसाच बसून राहिला. मग उठला, पँटच्या गुडघ्यांची धूळ झटकली आणि गेला. मानाय चोलिंगने ताट तिसऱ्या पायरीवर ठेवले. मी ते आणून त्यांना भरवले. भाताच्या घासांमध्ये ते माझ्याकडे पाहत नव्हते. मला त्यांची कीव आली असे मी सांगितले असते, पण ती आली नाही. लेआंद्रोची आली, आणि त्याने माझी भिंत अजून पुसली नव्हती हे आठवून थोडी जास्तच आली.

त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे ते वारले. पेटीत ठेवताना त्यांच्या हातांत जपमाळ गुंडाळली होती. लेआंद्रो पेटीच्या काचेपाशी उभा होता. वाकला नाही. मला त्याने तेव्हाच त्या पुस्तिकेसाठी दोन ओळी मागितल्या. मी म्हटले, मला लिहिता येत नाही.

त्यांचे माझे शेवटचे बोलणे आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी झाले. मी निघालो होतो, ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“पेंटर.”

“काय, मानोय?”

“फाटक लाव. रेयेसांच्या शेळ्या आत येतात.”

“लावतो.”

“नुसतं लोटू नको. कडी घाल.”

“घालतो, मानोय.”